तंगूस म्हातारा कधी होतो?

परभणीच्या मोंढ्यात सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी घेतली, तर तिच्या चिठ्ठीवर चाचणी कधी झाली आणि बियाणं कोणत्या तारखेपर्यंत वैध आहे, हे छापलेलं असतं. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवर तारीख असते, दुधाच्या पुड्यावर असते. ट्रॅक्टरच्या टायरवरही तो कोणत्या वर्षाच्या कितव्या आठवड्यात तयार झाला, हे चार आकड्यांत उमटवलेलं असतं. मासे धरायच्या तंगूसची, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्याची, गुंडाळी घेतली तर तिच्यावर बहुतेक वेळा तीनच गोष्टी सापडतात: जाडी, लांबी आणि किती वजन पेलेल तो आकडा. कारखान्यातून तो कधी निघाला आणि फेकायचा कधी, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

त्यामुळे रिळावरचा दोरा कधी बदलायचा, आणि तो कधी भरला होता हे लक्षात कसं ठेवायचं, हा गळ टाकणाऱ्यांचा जगभरचा जुना वाद आहे. सर्वांत जास्त ऐकू येणारं उत्तर म्हणजे 'वर्षातून एकदा'. उत्तर सोपं आहे आणि सोप्या उत्तरांसारखंच अर्धवट आहे. तारीख एवढंच सांगते की दोरा रिळावर किती दिवस होता. त्या दिवसांत तो उन्हात होता की कपाटात, खडकावर घासला की पाण्यात नुसता लोंबकळला, हे तारखेला ठाऊक नसतं. परभणीसारख्या जिल्ह्यात, जिथं एक वर्ष धरण काठोकाठ आणि दुसऱ्या वर्षी तळ उघडा, तिथं तर कॅलेंडर फारच कच्चा साक्षीदार ठरतो.

जिल्ह्यात पाणी कमी नाही, ते बारा महिने आणि दरवर्षी नसतं एवढंच. जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरीचं मातीचं धरण आहे. १९६८ साली पूर्ण झालेलं, पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचं वीजघर असलेलं. त्याच्या खालचं सिद्धेश्वर धरण १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा तिकडे गेलं. सेलू तालुक्यात ब्रह्मवाकडीजवळ दुधनेवर निम्न दुधना प्रकल्प आहे. गोदावरीवर ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, मुळी, डिग्रस अशी बंधाऱ्यांची माळच आहे, आणि मासोळी, करपरा यांच्यासारखे लहान जलाशय वेगळे. कटला, रोहू, मृगळ यांचं बीज सोडलं जातं. मरळ, वाम, शिंगाळा हे इथले जुने रहिवासी.

या पाण्यावर तंगूस वापरणारे तीन तऱ्हेचे लोक भेटतात. पहिले मच्छिमार सहकारी संस्थांचे सभासद, त्यांत भोई समाज मोठा. संस्था तलाव ठेक्याने घेते आणि सभासद तंगूसची जाळी लावतात. दुसरे बांबूच्या काठीला चार-पाच हात तंगूस, गळ आणि गांडूळ बांधून बंधाऱ्याच्या भिंतीवर बसणारे. तिसरे, गेल्या काही वर्षांत वाढलेले, फायबरची काठी आणि फिरतं रीळ ऑनलाइन मागवून रविवारी धरणावर जाणारे. दोरा बदलण्याचा प्रश्न तिघांनाही आहे. पण त्यावर चर्चा होते ती तिसऱ्यांत, आणि त्या चर्चेत पहिल्यांचं शहाणपण फारसं पोचत नाही.

गळाचा छंद या भागाला नवा आहे असं समजायचं कारण नाही. मराठवाडा ज्यांच्या राज्यात होता, त्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराने इ. स. ११३० च्या सुमारास 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे. कोणते मासे, कोणतं आमिष, गळाचा दोर आणि काठी कशी, याची राजेशाही माहिती त्यात मिळते. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, परभणीहून फार दूर नाही. सुंदरलाल होरा या भारतातल्या नामवंत मत्स्यशास्त्रज्ञाने १९५१ साली या प्रकरणावर सविस्तर निबंध लिहिला, तेव्हा कुठे आधुनिक अभ्यासकांचं तिकडे लक्ष गेलं. रीळही तितकंच जुनं: चीनमधल्या मा युआन या चित्रकाराच्या ११९५ च्या सुमाराच्या चित्रात गारठलेल्या तळ्यावर एकटा बसलेला माणूस रीळ लावलेली काठी धरून आहे.

त्या काळापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दोरा कधी बदलायचा हा प्रश्न आजच्या रूपात नव्हता, कारण दोरा डोळ्यांदेखत कुजायचा. इंग्लंडात आयझॅक वॉल्टनने १६५३ साली गळावरचं आपलं प्रसिद्ध पुस्तक छापलं, तेव्हा दोरा घोड्याच्या शेपटीच्या केसांचा वळलेला असे. पुढे रेशीम आणि जवसाच्या धाग्याचे दोरे आले. दिवसभर मासेमारी करून घरी आलं की सगळा दोरा रिळावरून उतरवायचा, सावलीत पसरून वाळवायचा आणि मग परत गुंडाळायचा. रेशमी दोऱ्याला वर चरबीचं बोट. हे एकदा चुकलं की पुढच्या खेपेला दोरा हातात तुटे. सुती जाळ्यांचंही तेच: झाडांच्या सालींच्या काढ्यात किंवा काताच्या पाण्यात ती उकळून काढायची, डांबराचा हात द्यायचा, तरी हंगाम संपता संपता ती कुजायचीच. म्हणजे दोऱ्याची तपासणी हा रोजचा रिवाज होता. वेगळी नोंद ठेवायला जागाच नव्हती.

नायलॉनने तो रिवाज मोडला. अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत वॉलेस कॅरोदर्सच्या प्रयोगशाळेत १९३५ साली हा पदार्थ तयार झाला, २७ ऑक्टोबर १९३८ रोजी त्याची जाहीर घोषणा झाली. आधी दात घासायच्या ब्रशाचे केस, मग बायकांचे मोजे, मग महायुद्धात हवाई छत्र्या. युद्ध संपल्यावर तो मासेमारीकडे मोकळा झाला. १९५८ साली त्याच कंपनीने 'स्ट्रेन' नावाचा एकतंतू दोरा आणला आणि फिरत्या रिळांचा खप त्याच्या जोडीने वाढला. भारतात जाळ्यांचं सूत बदलायला फार वेळ लागला नाही. कोचीला १९५७ साली केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था स्थापन झाली आणि कृत्रिम धाग्यांच्या जाळ्यांचा अभ्यास हे तिचं सुरुवातीपासूनचं मोठं काम राहिलं. महाराष्ट्रात गरवारे समूहाने १९७६ साली गरवारे-वॉल रोप्स ही कंपनी काढली, आणि तिची जाळी-दोर देशभर गेली.

नायलॉन कुजत नाही. ओला ठेवला तरी बुरशी धरत नाही. हेच त्याचं थोर वरदान आणि हीच अडचण, कारण तो म्हातारा होतो तो गुपचूप. वरून तसाच चकचकीत दिसणारा दोरा तीन किलोच्या कटल्याने मान हलवताच गाठीपाशी सुटतो, तेव्हा त्याचं वय कळतं.

हे गुपचूप म्हातारपण येतं कशातून? पाण्याचा दोष त्यात सर्वांत कमी. नायलॉन पाणी पितो. पूर्ण भिजला तर स्वतःच्या वजनाच्या नऊ-दहा टक्के. भिजलेल्या दोऱ्याची ताकद दहा-पंधरा टक्क्यांनी उतरते, पण वाळला की ती परत येते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशन ही १९३९ साली स्थापन झालेली विक्रमांची संस्था दोऱ्याचा नमुना भिजवून मगच तोडून पाहते. कोरड्या दोऱ्यावरचा आकडा तिथं चालत नाही. विक्रमाचा दावा करणाऱ्याने माशाच्या फोटोबरोबर ज्या दोऱ्यावर तो धरला तो दोराही पाठवायचा असतो. जगात दोऱ्याची इतकी कडक चौकशी दुसरीकडे क्वचितच होत असेल.

खरा शत्रू ऊन. सूर्यप्रकाशातले अतिनील किरण नायलॉनच्या रेणुसाखळीतले दुवे तोडतात. सुरुवात पृष्ठभागापासून होते: चकाकी जाते, बोटाला पावडर लागल्यासारखं वाटतं, ताणल्यावर लांबायचा गुण कमी होतो, आणि दोरा करकरीत होतो. पातळ दोऱ्याला हे लवकर भोवतं, कारण त्याच्या अंगाच्या मानाने पृष्ठभाग जास्त. परभणीचा मे महिना ४३-४४ अंशांपर्यंत सहज जातो आणि आकाश दिवसभर निरभ्र असतं. अंगणात, पत्र्याच्या शेडखाली किंवा मोटारसायकलला बांधून ठेवलेल्या काठीवरचा दोरा उन्हाळ्याच्या दोन महिन्यांत जेवढा झिजतो, तेवढा हिवाळ्यातल्या सगळ्या रविवारांनी झिजत नाही. खिडकीच्या काचेआड ठेवलं म्हणजे सुटलं असंही नाही. काच अतिनील किरणांचा काहीच भाग अडवते.

उष्णतेचं काम वेगळं. नायलॉन वितळायला दोनशे अंशांच्या वर जावं लागतं, तेव्हा मराठवाड्याच्या उन्हाळ्यात दोरा वितळेल ही भीती नको. पण कोरडा नायलॉन ५० अंशांच्या आसपास मऊ पडू लागतो, आणि उन्हात बंद उभ्या गाडीच्या आत तापमान ६० च्या पुढे जातं. अशा डिकीत दुपारभर राहिलेला दोरा रिळाच्या गोलाईचा आकार पक्का धरतो. मग फेकताना तो स्प्रिंगसारख्या वेटोळ्यांनी बाहेर पडतो, काठीच्या कड्यांना अडखळतो, लांब जात नाही, आणि वाऱ्यात स्वतःतच गुंतून गठ्ठा करतो. याला तुटणं म्हणता येत नाही, पण दोरा बदलायला भाग पाडणारं हे सर्वांत नेहमीचं कारण आहे. थोडा वेटोळा दोरा कोमट पाण्यात रीळ बुडवून किंवा मैदानात ताणून काही काळ सरळ करता येतो. फार वेटोळा झालेला परत फिरत नाही.

आणि तिसरी गोष्ट घासण्याची. इथला खडक बेसाल्ट. फुटलेल्या बेसाल्टची कड सुरीसारखी असते, आणि बंधाऱ्यांच्या पायथ्याशी असे दगड ढिगाने पडलेले असतात. येलदरीसारख्या जलाशयात पाणी उतरलं की काठावर वेडी बाभूळ आणि बेशरम माजते. पाऊस झाला की ती सगळी पाण्याखाली जाते आणि पुढच्या हंगामात गळ नेमका तिथंच टाकला जातो, कारण मरळ तिथंच असते. मरळीचे दात बारीक पण भरपूर. एका चांगल्या झटापटीत दोऱ्याचा शेवटचा मीटरभर भाग खरबरीत होतो. त्यात काठीच्या एखाद्या कड्याची चिनीमाती तडकली असेल तर प्रत्येक फेकीला दोऱ्यावर सुरी चालते. कड्याचा हा दोष डोळ्याला दिसत नाही. कापसाचा बोळा कड्यातून फिरवला की जिथं तडा असेल तिथं तंतू अडकतो. कापसाच्या जिल्ह्यात ही तपासणी फुकट आहे, आणि ती केली नाही तर दरमहा नवा दोरा भरूनही तो तुटतच राहील.

बाजारात आता तीन जातींचे दोरे आहेत आणि तिघांचं म्हातारपण वेगळं. नायलॉनचं वर आलंच. दुसरा फ्लुरोकार्बन, जपानच्या क्युरेहा कंपनीने १९७१ साली 'सीगर' या नावाने आणलेला. तो पाण्यापेक्षा जड, पाण्यात कमी दिसणारा, पाणी न पिणारा. याच जातीचा पदार्थ इमारतींच्या बाहेरच्या रंगात उन्हाला टिकण्यासाठी वापरतात, त्यामुळे ऊन त्याला फारसं बाधत नाही. त्याचं मरण गाठीत आणि वाकण्यात असतं. तिसरा विणीचा दोरा, डायनीमा किंवा स्पेक्ट्रा या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या पॉलिथिलीनचा. १९९० च्या दशकात तो बाजारात पसरला. तो पाण्यावर तरंगतो, जवळजवळ ताणत नाही, वेटोळं धरत नाही. रंग उडाला म्हणजे तो गेला असं पुष्कळ लोक समजतात. रंग हा वरचा लेप असतो, ताकद आतल्या तंतूंत. त्याची खरी खूण म्हणजे अंगावर उठलेली लव. विणीतले तंतू तुटून बाहेर आले की त्या जागी दोरा अर्धा राहिलेला असतो.

कॅलेंडरचे नियम या तिघांना वेगवेगळे सांगितले जातात: नायलॉन सहा महिने ते वर्ष, फ्लुरोकार्बन दोन वर्षं, विणीचा तीन-चार वर्षं. हे आकडे अगदी चुकीचे नाहीत. पण ते आठवड्याला दोनदा समुद्रावर जाणाऱ्या माणसाला आणि वर्षात चारदा धरणावर जाणाऱ्याला एकाच मापाने मोजतात, आणि त्यांतले बरेचसे सल्ले ज्यांचा धंदा दोरा विकण्याचा आहे त्यांच्याकडून येतात, हे लक्षात ठेवलेलं बरं. २०१५-१६ च्या दुष्काळात मराठवाड्यातली धरणं तळाला गेली, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. त्या वर्षी गळ टाकायला पाणीच नव्हतं. कपाटात काळ्या पिशवीत ठेवलेल्या रिळावरचा दोरा त्या वर्षाने कागदावर एक वर्ष म्हातारा झाला; प्रत्यक्षात तो होता तसाच राहिला असणार.

वापरावर आधारलेले नियम इतर क्षेत्रांत केव्हाचे रुळले आहेत. टेनिस-बॅडमिंटनच्या रॅकेटची तार बदलण्याचा सर्वमान्य अंदाज असा, की आठवड्यातून जितक्या वेळा खेळता तितक्या वेळा वर्षातून तार बदला. गिर्यारोहणाचा दोरही नायलॉनचाच; त्याच्या गाभ्यात निर्मितीचं वर्ष सांगणारी बारीक पट्टी असते, आणि उत्पादक सांगतात की तो कधीच वापरला नसला तरी दहा वर्षांनी निवृत्त करा, दर आठवड्याला वापरत असाल तर त्याच्या कितीतरी आधी, आणि एक मोठी पड सोसली तर त्याच दिवशी. इथं तीन मोजमापं एकत्र येतात: वय, वापर आणि घाव. मासेमारीच्या दोऱ्यालाही हेच लागू पडतं. फरक इतकाच, की गिर्यारोहकाचा जीव टांगलेला असतो आणि गळवाल्याचा फक्त मासा, म्हणून नोंद ठेवायचा आळस परवडतो.

नोंद ठेवायच्या पद्धती तशा साध्याच आहेत. सर्वांत टिकाऊ म्हणजे रिळाच्या पायावर किंवा स्पूलच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर पक्क्या शाईने दोऱ्याची जात, जाडी आणि भरल्याचा महिना लिहिणं. ज्यांच्याकडे चार-पाच रिळं आहेत त्यांना हे केल्याशिवाय गत्यंतर नाही, ०.२८ आणि ०.३० मिलिमीटरमधला फरक डोळ्याला दिसत नाही. फोनच्या कॅलेंडरमध्ये आठवण लावणारे आहेत, पण फोन बदलतो, रीळ तेच राहतं. काही विणीचे दोरे दर दहा मीटरला रंग बदलतात. त्यांच्यात किती दोरा उरला हे रंग मोजून कळतं. डायरी ठेवायची तर तिच्यात मासे कमी आणि घाव जास्त लिहावेत: कोणत्या दिवशी दोरा दगडात अडकून ओढून सोडवला, कधी मोठा मासा सुटला, कधी रीळ दिवसभर उन्हात राहिलं. त्या तीन ओळींतून दोऱ्याची जन्मतारीख सांगते त्याहून जास्त कळतं.

पण नोंदीपेक्षाही तोडून पाहणं खरं. दोरा नवा भरला त्या दिवशी त्याचा हातभर तुकडा भिजवून, साधी गाठ मारून, लटकत्या काट्याला बांधून तुटेपर्यंत ओढावा आणि आकडा त्याच चिकटपट्टीवर लिहावा. पुढे शंका आली की टोकाचे एक-दोन मीटर कापून टाकून त्याच्या मागच्या तुकड्यावर हीच परीक्षा घ्यावी. आकडा चौथाईने खाली आला असेल तर वरचा दोरा काढायची वेळ झाली. पुड्यावरच्या आकड्याशी तुलना करण्यात अर्थ नाही. पुष्कळ कंपन्या तो कमी लिहितात, म्हणजे दोरा लिहिल्याहून जास्त पेलतो. शिवाय गाठ कोणतीही असली तरी ती दोऱ्याची थोडी ताकद खातेच. तुलना त्याच दोऱ्याच्या पहिल्या दिवसाशी.

'वरचा दोरा' हे शब्द महत्त्वाचे. साधारण रिळावर ०.३० चा दोनशे मीटर दोरा मावतो. काठावरून फेक जाते तीस-चाळीस मीटर. म्हणजे वरचे पन्नास मीटर ऊन, दगड आणि ओढ सोसतात. खालचे दीडशे मीटर वर्षानुवर्षं नुसते भर म्हणून बसलेले असतात. सगळाच्या सगळा दोरा दरवर्षी बदलणाऱ्याने चार वर्षांत आठशे मीटर दोरा विकत घेतला. पहिल्या वर्षी दोनशे भरून पुढची तीन वर्षं वरचे पन्नासच बदलणाऱ्याने साडेतीनशे. जुन्या भरीवर नवा दोरा जोडायची गाठ स्पूलवर अंगठ्याला लागते आणि आता पन्नास मीटर बाहेर आहेत हेही सांगते, हा वरचा फायदा. विणीचा दोरा असेल तर तो एका रिळावरून दुसऱ्यावर उलटा भरायचा. खालचा कोरा भाग वर येतो आणि दोऱ्याचं आयुष्य दुप्पट होतं.

हे शहाणपण छंदवाल्यांनी शोधून काढलं असं त्यांना वाटतं. जाळीवाल्यांनी ते फार पूर्वीपासून पाळलं आहे. तंगूसचं जाळं म्हणजे वरचा दोर, त्यावर तरंडे, खालचा दोर, त्याला शिसं, आणि मध्ये ०.१६-०.२० मिलिमीटरच्या पातळ तंगूसची पट्टी. मासा कल्ल्याशी अडकतो तो या पट्टीत. दोर, तरंडे आणि शिसं वर्षानुवर्षं चालतात, पट्टी जाते. ती गेली की जुन्या दोरांवर नवी पट्टी सांधली जाते, आख्खं जाळं कोणी फेकत नाही. लहान भोकं तर जाळं वाळत टाकल्याबरोबर हाताने सांधून टाकायची, हा रोजचा उद्योगच आहे. जुन्या सुती काळातला तो रोजच्या तपासणीचा रिवाज इथं मोडलाच नाही. जाळं संध्याकाळी लावतात, पहाटे तराफ्यावरून उचलतात, मासे सोडवताना प्रत्येक हात जाळ्यावरून फिरतो. म्हणून या लोकांना तारखेची चिठ्ठी लागत नाही. कुठली पट्टी करकरली आहे हे बोटांना कळतं.

यातली एक गंमत अशी, की जाळं काम करतं रात्री आणि म्हातारं होतं दिवसा. पाण्यात असताना त्याला ऊन लागत नाही. ते लागतं काठावर ढीग करून टाकल्यावर. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेसाठी गेरहार्ड क्लुस्ट या जर्मन तज्ज्ञाने १९७३ साली जाळ्यांच्या धाग्यांवर जे पुस्तक लिहिलं, त्यात कुजणं आणि उन्हापावसाने झिजणं या दोन वेगळ्या गोष्टी म्हणून मांडल्या आहेत, आणि नायलॉनसारख्या धाग्याने पहिली संपवली तरी दुसरी उरलीच. ओलं जाळं झाडाखाली किंवा गोणपाटाखाली ठेवणं एवढ्याने पट्टीचा हंगाम लांबतो. बॅटरीजवळ मात्र ठेवू नये. तिच्यातलं आम्ल नायलॉनला उन्हापेक्षाही लवकर खातं, आणि तराफ्यावर दिव्याला बॅटरी घेऊन जाणारे पुष्कळ असतात.

जाळीवाल्यांची अडचण ओळखण्याची नसून पैशांची असते. पट्टी गेली हे कळलं तरी ती लगेच बदलता येईलच असं नाही. मग ठेक्याचा हप्ता, धरणातलं पाणी आणि माशाचा भाव यांचा मेळ बसेपर्यंत तीच चालवायची. मासेमारीच्या साधनांच्या खरेदीला साहाय्य देणारी राज्याची जुनी योजना आहे, आणि २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेतही पारंपरिक मच्छिमारांना नाव आणि जाळी देण्याची तरतूद आहे. अशा योजनांचा हिशेब बहुधा आख्ख्या जाळ्याचा असतो. प्रत्यक्षात लागते ती पट्टी, आणि लागते ती पावसाळा संपता संपता, धरण भरलेलं असताना.

रिळवाल्यांसाठीही तीच वेळ योग्य. खंडेनवमीला घराघरांत हत्यारं-अवजारं पुसून पुजली जातात. उन्हाळा होऊन गेलेला असतो, पाणी वर आलेलं असतं, हंगामाची सुरुवात समोर असते. दोऱ्याची गाठ-परीक्षा, कड्यातून कापसाचा बोळा आणि चिकटपट्टीवर नवी नोंद या तिन्ही गोष्टींना परभणीच्या पंचांगात याहून सोयीचा दिवस नाही. जानेवारीच्या पहिल्या तारखेला दोरा बदला हा सल्ला जिथं हिवाळ्यात तळी गोठतात तिथला.

उरला प्रश्न काढलेल्या दोऱ्याचा, आणि इथं आढावा घ्यायचा तर मन खट्टू होतं. न कुजण्याचा गुण रिळावर कामाचा, काठावर घातक. गंगेच्या खोऱ्यात झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नदीकाठी टाकून दिलेल्या जाळ्या-दोऱ्यांची पाहणी केली गेली. सगळा माल प्लास्टिकचा निघाला, आणि गंगेतली डॉल्फिन, कासवं, पाणमांजरं यांना त्यात अडकण्याचा धोका असल्याचं संशोधकांनी दाखवलं. मच्छिमारांना विचारलं तर जुनं जाळं टाकायला दुसरी जागा नाही, हे कारण पुढे आलं. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी देशभर बंदी घातली, ती पक्षी अडकतात आणि माणसांचे गळे कापले जातात म्हणून. तोच तंगूस गळाला लावून बाभळीत अडकवून ठेवला तर त्याला कायदा विचारत नाही, बगळा मात्र तसाच अडकतो.

अमेरिकेत बर्कली या दोरा बनवणाऱ्या कंपनीने १९९० पासून जुना नायलॉन परत घ्यायला सुरुवात केली, आणि फ्लोरिडात धक्क्यांवर प्लास्टिकच्या रुंद नळ्या उभ्या केल्या आहेत, त्यांत दोरा टाकायचा. विणीचा दोरा मात्र नायलॉनबरोबर वितळवता येत नाही, तो वेगळा काढावा लागतो. त्यासाठीही चिकटपट्टीवरची नोंद उपयोगी पडते: पाच वर्षांनी हातात आलेला दोरा कोणत्या जातीचा आहे, हे नुसतं पाहून प्रत्येकाला सांगता येत नाही. अशी सोय नसेल तोवर काढलेला दोरा बोटभर तुकडे करून झाकणाच्या बाटलीत भरणं एवढं तरी करता येतं. तुकड्यात पाय अडकत नाही. परभणीत संकलनाची नळी बसवायचीच झाली, तर येलदरीच्या भिंतीपेक्षा शहरातलं गळ-जाळ्यांचं दुकान ही जागा बरी. नवा दोरा घ्यायला माणूस तिथं येतोच, आणि जुना त्याच्या पिशवीत असतो.